आखीव कागदावरून, मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र आधी आखीव कागदावर हाताने लिहिलं, मग मुलीकडून टाइप करून घेतलं. एका ओळीत चारच शब्द, पण अक्षर दोन्ही रेघांना टेकलेलं. पहिल्या भेटीत तुम्ही मला एकच वाक्य सहा वेळा लिहायला लावलं होतं. पहिली ओळ बरी होती, सहाव्या ओळीत अक्षरं मुंगीएवढी झाली होती. मी मात्र ठामपणे म्हणालो, "नेहमीसारखंच तर लिहिलंय." तुम्ही काही न बोलता आधी पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत आणि मग शेवटच्या.

त्याआधी सव्वा वर्ष मी पार्किन्सनच्या आजारासाठी गोळ्या घेत होतो. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, त्या परत येत नाहीत, औषध चुकवू नका, एवढं कानावर आलं होतं. ते खोटं नव्हतं, पण दिवसाच्या उरलेल्या तासांचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही. मग मी एकेक गोष्ट सोडत गेलो. पडेन म्हणून चालणं सोडलं, हात थरथरतो म्हणून चारचौघांत जेवणं सोडलं, पलीकडून सारखं "काय? काय?" येतं म्हणून फोन घेणंही सोडलं. ते सव्वा वर्ष खुर्चीत गेलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तुम्ही दोनच शब्द दिलेत : "मोठं करा." हा आजार हालचाल लहान करतो आणि ती लहान झाल्याचं आपल्याला कळूही देत नाही, हे तुम्ही समजावलंत तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला ऐकायला कमी येतं, असं मी कितीतरी महिने धरून चाललो होतो. तिला तसं बोललोही होतो. तुम्ही मोबाइलवर माझा आवाज रेकॉर्ड करून आम्हा दोघांना ऐकवलात. ती पुटपुट माझी होती. मला ओरडल्यासारखं वाटेल इतक्या जोरात बोललो, की समोरच्याला ते साधं बोलणं वाटतं. तेव्हापासून रोज सकाळी लांब "आऽऽ" आणि त्यानंतर वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने. हिची माफी मी त्याच दिवशी मागितली.

दाराच्या चौकटीत पाय जमिनीला चिकटतात, ती भीती ज्याची त्यालाच ठाऊक. शरीर पुढे जातं, पाय मागेच राहतात. घरचे मायेपोटी हात ओढायचे आणि तोल आणखी जायचा. तुम्ही सगळ्यांना समोर बसवून सांगितलंत : ओढू नका, घाई करू नका. मी आधी थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचं, आकडे मोजायचे आणि मोठं पाऊल टाकायचं. चौकटीपाशी तुम्ही स्वतः खाली बसून जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात. सपाट जमिनीवर अडलेला पाय त्या पट्ट्या ओलांडायला मात्र उचलला जातो! आपोआप चालायची सवय गेली तरी ठरवून चालायची वाट मेंदूत शिल्लक असते, हे मी त्या चार पट्ट्यांवर शिकलो. वळताना जागेवर गिरकी न घेता मोठा वळसा घ्यायचा, चालताना हातात काही धरायचं नाही, बोलायचं असेल तर आधी थांबायचं, हेही तिथलंच.

गोळीची गोष्टही तुमच्या एका प्रश्नामुळे सुटली. "जेवणाच्या आधी घेता की नंतर?" मी जेवणासोबत घेत होतो. लेव्होडोपा, म्हणजे माझ्या गोळीतलं औषध, आणि जेवणातली प्रथिनं शरीरात एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून हे डॉक्टरांना विचारा, असं तुम्ही सुचवलंत. आता त्यांच्या सल्ल्याने जेवणाआधी अर्धा तास घेतो आणि दुपार पूर्वीपेक्षा मोकळी जाते. बद्धकोष्ठासाठी पाणी आणि तंतुमय खाणं, उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसणं, या बारीक गोष्टी वाटतात, पण चक्कर येऊन पडणं त्यानेच टळलं.

आठवड्याला 150 मिनिटं घाम येईल असा व्यायाम, हे ऐकून मी हसलो होतो. सुरुवात तुम्ही सहा मिनिटांवर केलीत. गोळी लागू पडल्यावरचा तास व्यायामासाठी राखून ठेवा, म्हणालात, आणि दर आठवड्याला वहीत आकडा लिहून घेतलात. 150 गाठायला मला सात महिने लागले. एकदाही चिडला नाहीत.

नंतर वाचलं की 1817 मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला तो फक्त सहा रुग्णांवरून, आणि त्यातले काही त्यांना रस्त्यातच दिसले होते. तुम्हीही त्या दिवशी फाइल बाजूला ठेवून आधी मला दारापासून खुर्चीपर्यंत चालताना पाहिलं होतंत. माणसाकडे असं नीट बघणारं कोणी भेटणं, याचं मोल मला आता कळतं.

आजार थांबलेला नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. यंदा डोस वाढला, डावा हातही थरथरू लागला. पण शर्टाची बटणं मी स्वतः लावतो. वीस मिनिटं लागतात, तोवर घरातलं कोणी मध्ये येत नाही. फोन मीच उचलतो. परवा नातीला गोष्ट वाचून दाखवली, ती पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होती.

मॅडम, मनापासून आभार. हिचेही आभार यात धरा, तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

वहीत या आठवड्याचा आकडा 165 आहे. गुरुवारी घेऊन येतो.

तुमचा,
दारापाशी आता न अडखळणारा एक रुग्ण