खांब कोणाचा, हे आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या गावाने किंवा शहराने इंटरनेटसाठी स्वतःच्या मालकीचे फायबर (काचतंतूंच्या केबलचे) जाळे उभारावे असा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘त्यांना हे जमेल का?’ लोकांकडे तांत्रिक माहिती नाही, यंत्रणा ढिली आहे, तोटा शेवटी करदात्याच्याच माथी बसणार. ही भीती खोटी नाही, तिच्याकडे पुढे येतोच. पण या विषयावर मिळेल ते वाचत आल्यावर माझे मत असे झाले आहे, की कितीतरी योजना ‘जमेल का’ इथपर्यंत पोहोचतच नाहीत. त्या आधीच अडतात, कधी खांबापाशी, कधी कायद्यापाशी.

खांबाची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो. घरोघर फायबर न्यायचे तर दोनच वाटा, जमिनीखालून किंवा खांबांवरून. खोदाईत केबलपेक्षा रस्ता फोडणे आणि पुन्हा बुजवणे हेच महाग पडते, म्हणून जिथे खांब आहेत तिथे लोक खांबांकडे वळतात. पण खांब वीज कंपनीचा, नाहीतर जुन्या टेलिफोन कंपनीचा. त्यावर आधीच दोन-तीन जणांच्या केबल लटकलेल्या. नव्याला जागा करून द्यायची तर आधीच्या प्रत्येकाने आपली केबल थोडी वर-खाली सरकवायला हवी. अमेरिकेत जुन्या पद्धतीनुसार प्रत्येक कंपनी आपापली माणसे पाठवून, एकीचे झाल्यावर दुसरी, असे हे काम करत असे. म्हणजे ज्याचे गिऱ्हाईक तुटणार, त्याच्याच हाती नव्याची वाट मोकळी करणे आले. अशा वेळी कोणाला नकार द्यावाच लागत नाही. माणूस पाठवायला उशीर केला तरी पुरते. इकडे काढलेल्या कर्जावर व्याज चढत राहते.

तिथल्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराने २०१६ मध्ये यावर नियम केला : मान्यताप्राप्त कंत्राटदाराने एकाच फेरीत सगळ्यांच्या केबल सरकवाव्यात. त्याविरुद्ध एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी कोर्टात गेली आणि हरली. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने आपल्या अखत्यारीतल्या खांबांवरील साध्या कामांसाठी हीच पद्धत मान्य केली. एक शिडी, एक फेरी. एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

कायद्याची अडचण याहून अवघड, कारण तिथे उशीर नसतो, थेट मनाई असते. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराच्या सार्वजनिक वीज संस्थेने २०१० मध्ये आपल्या संपूर्ण क्षेत्रात सेकंदाला एक गिगाबिट वेगाची सेवा खुली केली. शेजारच्या वस्त्या तीच सेवा मागत होत्या, पण राज्याच्या कायद्यानुसार वीज संस्थेला आपल्या वीजक्षेत्राबाहेर इंटरनेट देता येत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातील विल्सन शहराने २००८ मध्ये आपले जाळे सुरू केले आणि २०११ मध्ये विधिमंडळाने शहरांच्या अशा सेवांवर जाचक बंधने घातली. केंद्रीय आयोगाने २०१५ मध्ये दोन्ही राज्यांचे हे कायदे बाजूला सारले, तर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकारच नाही असे ठरवले. विल्सनकडून सेवा घेणाऱ्या पाइनटॉप्स या छोट्या गावाची जोडणी त्यामुळे तुटायची वेळ आली. ती टिकवायला वेगळी सवलत मंजूर करून घ्यावी लागली. चालू असलेली, लोकांना हवी असलेली सेवा कायद्याने बंद पाडण्यात कोणते लोकहित आहे, हे मला कोणी समजावून सांगावे. कोलोरॅडो राज्यात २००५ च्या कायद्याने शहरांना अशी सेवा देण्याआधी मतदान घेण्याची अट घातली होती. शंभराहून अधिक ठिकाणच्या मतदारांनी त्यातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ती अट गेली.

आता तोट्याचे. युटा राज्यातील प्रोव्हो शहराने रोखे काढून जाळे बांधले आणि २०१३ मध्ये ते गुगलला अवघ्या एका डॉलरला दिले. कर्जाचे हप्ते नागरिकांकडेच राहिले. हे उदाहरण लपवू नये. पण पूर्ण सांगावे : राज्याच्या कायद्यामुळे शहराला थेट ग्राहकाला सेवा विकणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून घाऊक विक्रीचा, म्हणजे जाळे दुसऱ्या कंपन्यांना वापरायला देण्याचा, एकच रस्ता उरला होता. हात बांधून पोहायला लावायचे आणि मग पोहता येत नाही म्हणायचे, हा न्याय नव्हे.

घाऊक पद्धत मुळात वाईट आहे असेही नाही. स्टॉकहोममध्ये १९९४ पासून शहराच्या मालकीची कंपनी नुसते फायबर टाकते आणि मागेल त्या कंपनीला भाड्याने देते. सेवा विकण्याची चढाओढ त्या फायबरवर इतर कंपन्यांमध्ये चालते. इंग्लंडच्या लँकशायरमध्ये २०११ मध्ये सुरू झालेल्या ग्रामस्थांच्या संस्थेला शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून केबल न्यायला फुकट वाट दिली आणि लोकांनी स्वतः चर खणले. तिथे खांबाच्या मालकाकडे जायची वेळच फारशी आली नाही. मला वाटते, त्यांच्या यशात याचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याला एक विनंती आहे. अमुक इतकी घरे फायबरने जोडली, अशा बातम्या आपण छापता. आकडे फसवे असू शकतात. अमेरिकेत कित्येक वर्षे जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या एका गटातल्या एका घराला जोडणी मिळण्यासारखी असली, की सगळा गट जोडलेला धरत आणि उरलेल्या घरांचा अनुदानावरचा हक्कच बुडे. तेव्हा बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत : खांब आणि जमिनीखालच्या नळ्या कोणाच्या आहेत, दुसऱ्या कोणाला त्या ठरलेल्या भाड्याने वापरता येतात का, आणि अर्ज केल्यापासून किती दिवसांत उत्तर द्यावे लागते. मिळालेली उत्तरे नावानिशी छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक