अण्णांच्या पायाबद्दल

मिरज

प्रिय शोभा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज आणि अण्णांच्या तळपायावरच्या मधुमेहाच्या जखमेचे फोटो मिळाले. फोनच केला असता, पण फोनवर तू मधेच रडायला लागतेस आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. अण्णांनाही वाचून दाखव. माझ्यावर चिडले तर चिडू देत.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जखम भरावी म्हणून भाच्याने आणलेल्या प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल द्यायच्या का? त्यांच्या डॉक्टरांना विचारून दे, माझी हरकत नाही. पण ‘कॅप्सूल चालू आहेत ना, मग बघू महिनाभर’ असं घरात चाललं असेल, तर त्या डब्या आत्ताच कपाटात ठेव.

भाचा म्हणतो तसं संशोधन झालंय, हे खरं आहे. इराणमध्ये काशान इथल्या संशोधकांनी ६० रुग्ण घेतले. सगळ्यांच्या पायाला मधुमेहाची खोल गेलेली जखम होती. निम्म्यांना चार जातींच्या जिवाणूंची कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण जिवाणू नसलेली कॅप्सूल, असं १२ आठवडे दिलं. कोणाला कुठली मिळतेय हे रुग्णांनाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. निकाल २०१८ मध्ये छापून आला. प्रोबायोटिकवाल्यांच्या जखमेची लांबी सरासरी १.३ सेंटीमीटरने घटली, दुसऱ्या गटाची ०.८ ने. रुंदी आणि खोलीही जास्त कमी झाली, तीन महिन्यांची साखर थोडी उतरली, अंगातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणीही सुधारली. वाचून मलाही बरं वाटलं. पण फरक बघ, साधारण अर्धा सेंटीमीटर. आणि माणसं एका गटात तीसच. शिवाय बाकीचे उपचार दोन्ही गटांना चालूच होते, कॅप्सूल त्यांच्या जोडीला होती. हे वाक्य भाच्याला दोनदा वाचून दाखव.

पोटात घेतलेल्या जिवाणूंनी पायाची जखम कशी भरेल, असं तू विचारलंस. प्रश्न अगदी रास्त आहे. जखम झाली की आधी सूज येते, पांढऱ्या पेशी घाण साफ करतात, मग सूज ओसरते आणि नवं लाल मांस धरू लागतं. साखर चढलेली असली की पहिल्याच टप्प्यावर गाडं अडकतं. पेशी सुस्त होतात आणि सूज मात्र हटत नाही. आतड्यातले चांगले जिवाणू ही अंगभर रेंगाळणारी सूज खाली आणत असावेत, असा अंदाज आहे. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात उंदरांना पाण्यातून लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी नावाचे जिवाणू दिले, तर कातडीच्या जखमा जवळपास निम्म्या वेळात भरल्या. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस कापली, तेव्हा तो फायदा गेला! मला हे फार गमतीचं वाटतं. पण ते उंदीर होते आणि त्यांना मधुमेह नव्हता.

आता दह्याचं. काकूंनी जखमेवर घरचं दही लावायला सांगितलंय ना? अजिबात लावू नकोस. अर्जेंटिनात तुकुमान इथे डॉक्टरांनी लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हे तसलंच जिवाणू भाजलेल्या जखमांवर आणि पुढे पायाच्या चिघळलेल्या जखमांवर लावून पाहिलं, हे खरं. पण ते प्रयोगशाळेत वाढवलेलं, एकच ओळखीची जात असलेलं. आपल्या विरजणात कोण कोण नांदतंय हे कुणी पाहिलंय? जेवणात ताक, दही खुशाल दे, बिनसाखरेचं. बाजारातल्या प्रोबायोटिक पेयाच्या बाटलीवर मात्र साखर किती ते आधी वाच. आणि कॅप्सूल सुरू केलीच, तर अँटिबायोटिकच्या गोळीसोबत देऊ नकोस, मधे दोनेक तास जाऊ देत. किडनीच्या आजारासाठी त्यांना स्टेरॉइड चालू आहे का, तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. प्रतिकारशक्ती दबलेली असली, तर हेच जिवाणू क्वचित रक्तात उतरतात.

आता फोटोबद्दल. अंगठ्याच्या मुळाशी खळगा दिसतोय आणि त्याच्या कडेने पांढरट, जाड, मेणासारखा घट्टा चढलाय. दर पावलाला तिथेच भार पडतोय याची ती खूण. अण्णा म्हणतात, ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही.’ अगं, दुखत नाही हेच तर दुखणं आहे! नसा बधिर झाल्यात, म्हणून ते त्याच जखमेवर दिवसभर चालतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायात हेच पाहिलं होतं. बोटं रोगाने झडत नव्हती, वेदना नसल्यामुळे झिजत होती. तिथे पायाला प्लास्टर घालून भार काढला की जुनाट जखमा भरायच्या. पुढे अमेरिकेत त्यांनी तोच उपाय मधुमेह्यांना लावला. आजही तळपायाच्या अशा जखमेला पहिला उपाय गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट हाच धरतात. अर्थात पायातला रक्तपुरवठा नीट असेल आणि जंतुसंसर्ग आटोक्यात असेल तरच. काढता येणारा बूट दिला तर काय होतं, ते मी आमच्या दवाखान्यात रोज बघते. दवाखान्यात बूट पायात, घरी खाटेखाली. ‘घरात कशाला?’ म्हणतात. अण्णा तर देवघरात आणि अंगणात अनवाणीच असणार, मला माहीत आहे ना!

तेव्हा त्यांना घेऊन ये. इथे डॉक्टर आधी तो घट्टा पात्याने तासून काढतील. खाली जखम दिसते त्याहून मोठी निघते, तेव्हा घाबरू नकोस. मग बोथट सळई हलकेच आत घालतात. ती टणक हाडाला टेकली, तर हाडापर्यंत जंतू गेल्याचा संशय धरतात आणि एक्स-रे, कधी एमआरआय होतो. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब घेऊन रक्त खालपर्यंत पोचतंय का तेही पाहतात. हे झाल्याशिवाय कुठलीही कॅप्सूल, मलम, मध यांवर पैसे घालू नकोस. मधाचंही सांगते, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये या जखमांसाठी मध वापरू नका असंच म्हटलंय. काकूंना तेवढं सांभाळून सांग.

येताना साखरेची वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि त्यांच्या रोजच्या वहाणा आण. लग्नातले नवे बूट नकोत, झिजलेल्या वहाणाच हव्यात. कुठे झिजल्यात त्यावरून भार कुठे पडतो ते कळतं. मंगळवारी सकाळी गर्दी कमी असते. मधल्या काळात पाय लाल झाला, सुजला, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर मंगळवारची वाट न बघता थेट निघ, रात्र असली तरी.

मुक्काम माझ्याकडेच. आईंना नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुझी,
वैशाली