राखेच्या काँक्रीटला पाणी पुरेसे मारा

महोदय,

चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख बांधकामात वापरलीच पाहिजे. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, हे आम्ही विसरलेलो नाही. राखेच्या विटेला भट्टी लागत नाही, शेताची सुपीक मातीही वाचते. पण काँक्रीटमध्ये घाई नडते. राखमिश्रित सिमेंट सावकाश ताकद धरते. भारतीय मानकानुसार त्याला किमान १० दिवस ओलावा हवा, उष्ण, कोरड्या हवेत १४. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर हे १४ दिवस पाळायलाच हवेत. अनेक ठेकेदार मात्र दोन-तीन दिवसांतच पाणी मारणे थांबवतात आणि स्लॅबला भेगा पडल्या की बोल राखेला लावतात. महापालिकांनी बांधकाम परवान्यातच ही अट घालावी, अभियंत्यांनी स्लॅबवरचे ओले गोणपाट स्वतः तपासावे.

– एक वाचक, नागपूर