काकू, पे-स्टबवरचं नाव तुम्ही विचारलंत म्हणून

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

२०१९च्या गणपतीत, इथे अमेरिकेत, आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमागे मी पातेली घासत होतो. "हल्ली दिवसा कसा रे मोकळा?" तुम्ही विचारलंत आणि थाप मारायची सोडून मी खरं सांगून टाकलं. कारखान्यातली आमची उत्पादनाची लाइन मेक्सिकोला गेली होती, जूनपासून घरीच होतो. तुम्ही हळहळला नाहीत. "पे-स्टबवर नाव कुणाचं, कारखान्याचं की एजन्सीचं?" एवढंच. म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर कारखान्याचं नाव आहे की कामगार पुरवणाऱ्या एजन्सीचं. मला तेव्हा जरा रागच आला होता.

ओहायोच्या जॉब सेंटरमधून, म्हणजे नोकरी गेलेल्यांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातून, तुम्ही निवृत्त झालात असं कळलं, म्हणून आता हे चारचौघांत लिहितो. नोकरीत असताना लिहिलं असतं तर तुम्हीच ओरडला असतात.

आपल्याकडे कारखाना बंद पडला की माणूस फंड आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब मांडतो. काम परदेशी गेलं किंवा बाहेरच्या मालाने कारखाना बसला, तर इथे कामगाराच्या शिक्षणाचा खर्च सरकार करायचं, हे माझ्या गावीही नव्हतं. ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स नावाची ही योजना १९६२पासून होती. अर्ज तेव्हा युनियन करू शकत होती, कंपनी करू शकत होती, नाहीतर कुठलेही तीन कामगार. मात्र नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत. आमच्या युनियनने तो केला होता, मंजुरीही आली होती. फक्त तिच्यात आमच्या एजन्सीचं नाव नव्हतं. सहा वर्षं कारखान्यातल्या एकाच प्रेस मशीनवर उभा होतो, पण कागदोपत्री मी तिथला नव्हतोच.

"तिथला नाहीस कसा?" तो तुमचा आवाज अजून कानात आहे. पगार कोण देतं यावर हे ठरत नाही, काम कुणाच्या हुकमाखाली चालतं यावर ठरतं, हे तुम्ही मला तीनदा समजावलंत. एजन्सीचा माणूस कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या ताब्यात राबत असेल तर मंजुरीत दुरुस्ती करून त्यालाही धरता यायचं. मग काय काय आणवलंत माझ्याकडून! बिल्ला, शिफ्टचे तक्ते, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या. सही सगळीकडे कारखान्याच्या सुपरवायझरची, एजन्सीची एकही नाही. कारखान्याचं एचआर माझा फोन उचलत नव्हतं, तर तुम्ही राज्याच्या कार्यालयाकडून त्यांना पत्र धाडायला लावलंत. दुरुस्ती आली तेव्हा माझ्याबरोबर आणखी सात जण त्यात बसले. त्यातला ग्वाटेमालाचा भाऊ अजून तुम्हाला 'काकू' म्हणतो. त्याला वाटतं, तेच तुमचं नाव.

एकदा आपलं वाजलंही. मी बावन्न वर्षांचा. पन्नाशी उलटलेल्यांना दुसरी वाट होती: कमी पगाराची नोकरी धरायची, जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग सरकार देणार, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर. मला तेच हवं होतं. या वयात वर्गात कोण बसणार? "आणि ते संपल्यावर चोपन्नाव्या वर्षी काय करशील?" असं म्हणून तुम्ही कॅलेंडरवर २६ आठवड्यांची लाल रेघ मारलीत. तेवढ्या मुदतीत प्रशिक्षणाला नाव घातलं नाही, तर बेकारभत्ता संपल्यानंतरचा आठवड्याचा भत्ता गेला. मी मुकाट्याने कम्युनिटी कॉलेजात पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारे छोटे संगणक, शिकायला बसलो. जानेवारीत वर्ग सुरू, मार्चमध्ये करोनाने लॅब बंद. मग जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मुलगी, दुसऱ्या टोकाला मी. माझी गणितं तीच तपासायची, आणि तुमच्यासारखीच लाल पेनने.

आता मेंटेनन्समध्ये आहे. पगार जुन्यापेक्षा फार वाढला अशातला भाग नाही, पण पे-स्टबवर थेट कंपनीचं नाव आहे.

१ जुलै २०२२ला योजनेची मुदत संपली आणि नव्या मंजुऱ्या थांबल्या. त्यानंतर काम गेलेल्या आपल्यातल्याच एका मुलाला मी तुमचा नंबर दिलाय. योजना बंद आहे, हे त्याला सांगितलंय. तरी पे-स्टब घेऊन ये म्हटलंय. रागावू नका.

तुमचा,
पातेलीवाला