तीनशे घनफूट

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दिवसभर एक्सेल. इथे माणूस मेला तरी तो एका चौकोनातला आकडा असतो." आई शेजारी होती म्हणून मी गप्प बसलो. तेहतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढलेल्या बापाला हे ऐकवतेस! पण तू ग्लासगोत आहेस आणि तिथलाच एक डॉक्टर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात घोळतोय. फोनवर सांगायला लागलो की तू नुसती "हं, हं" करतेस, म्हणून लिहायला बसलो.

जेम्स बर्न रसेल. जन्म १८३७. कॉलेजात असताना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाताखाली अटलांटिक समुद्राच्या तळाशी टेलिग्राफची तार टाकायच्या कामात होते. मग डॉक्टर झाले. १८६५ मध्ये टायफसची, म्हणजे उवांमधून पसरणाऱ्या तापाची, साथ आली आणि पालिकेने तापाचं इस्पितळ उघडलं, ते यांच्या हाती दिलं. १८७२ पासून १८९८ पर्यंत शहराचे आरोग्य अधिकारी.

ते आले तोवर पाण्याची लढाई जिंकलेली होती. १८५९ मध्ये कॅट्रिन सरोवराचं पाणी नळाने शहरात आलं. १८५३-५४ च्या कॉलऱ्यात हजारोंनी माणसं गेली होती. १८६६ च्या साथीत शंभरही नाहीत. तरी पोरं मरतच होती. मग रसेलनी काय केलं, तर मृत्यूच्या नोंदीशेजारी एक साधा प्रश्न मांडला: घरात खोल्या किती?

माऊ, मी इतकी वर्षं फॉर्म भरून घेतले. त्यात धर्म होता, धंदा होता, खोल्या नव्हत्या. माझ्याही मनात कधी आलं नाही.

१८८१ च्या जनगणनेत ग्लासगोतली चारातली एक व्यक्ती एकाच खोलीच्या घरात राहत होती. आणि पाच वर्षांच्या आत मरणाऱ्या शंभर मुलांपैकी ३२ त्या एका खोलीतली. पाच किंवा जास्त खोल्यांच्या घरातली? दोनसुद्धा नाहीत. १८८८ मध्ये 'एका खोलीतलं आयुष्य' या विषयावर त्यांनी व्याख्यान दिलं, त्यात हे आकडे आहेत. पण आकड्यांवर ते थांबले नाहीत. अशा घरात मूल गेलं की ते कुठे ठेवतात, हे त्यांनी सांगितलं. टेबलावर, नाहीतर भांड्यांच्या फडताळावर. भावंडांच्या पायात येऊ नये म्हणून जरा बाजूला. आणि ती भावंडं तिथेच खेळतात, जेवतात, झोपतात. ते ३२ वाचलेस ना, ते असे फडताळावर ठेवलेले आहेत.

माझ्या टेबलासमोर एकदा एक बाई आली होती. तीन दिवसांचं मूल गेलेलं. नावाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर ती म्हणाली, "अजून ठेवलं नव्हतं." मी आडवी रेघ मारली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मागे रांग होती. ती रेघ अजून डोळ्यांसमोर येते.

असो. रसेलच्या शहरात एक कायदा होता, १८६२ चा. लहान घरांच्या दारावर पत्र्याची चकती ठोकायची: आत घनफूट किती, माणसं किती. मोठ्याला तीनशे घनफूट, आठ वर्षांखालच्या मुलाला त्याच्या निम्मे. रात्री निरीक्षक दार वाजवून डोकी मोजायचे. लोक कपाटात लपायचे, पलंगाखाली शिरायचे, काही तर छपरावर चढायचे. जास्त सापडले की दंड. हे मात्र मला पटत नाही. परवडणारी दुसरी खोलीच नाही त्याला दंड लावून तो जाणार कुठे? रात्री-अपरात्री छपरावर चढलेल्या माणसाला निरीक्षकाचीच भीती, टायफसची नाही. खोली मारते की गरिबी मारते, हा गुंताही त्या आकड्यांतून पुरता सुटत नाही. तुझे सर यावर काय म्हणतात ते विचार.

काल झोप येईना तेव्हा मी आपली लालबागची खोली मोजली, मनातल्या मनात. दहा बाय बारा, उंची दहा. बाराशे घनफूट. म्हणजे ग्लासगोच्या हिशेबाने चार मोठी माणसं. आम्ही कोण होतो? आजी, आजोबा, आई, बाबा, काका, आणि मी नि तुझी आत्या, दोघं आठच्या आतली. पाच अधिक दोन अर्ध्या, झाले सहा. दोन जास्त. पण काका बारा महिने गॅलरीत झोपायचा, आजोबा पावसाळा सोडून जिन्याच्या चौकात. म्हणजे पावसाळ्यात फक्त एकाचा दंड!

शनिवारी तुझी खोली टेपने मोज. लांबी, रुंदी, उंची, आणि तीनशेने भाग. उत्तर व्हॉट्सॲपवर टाकू नकोस, फोन कर. आईला सांगायचंय की लेक किती माणसांच्या जागेत एकटी राहते.

तुझे,
बाबा