निमेरीचा करार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

खडकवासल्याच्या एनडीएतला ‘सुदान ब्लॉक’ पाहिल्यापासून तुझ्या डोक्यात सुदान शिरलाय. (दुसऱ्या महायुद्धात तिकडे लढलेल्या भारतीय जवानांची आठवण म्हणून सुदानने दिलेल्या पैशातून ती इमारत उभी राहिली.) तिथला लष्करातून राजकारणात आलेला एकच माणूस नीट समजून घ्यायचा, तर जाफर निमेरी घे.

1930 चा जन्म, गाव ओमदुरमान. 25 मे 1969 ला कर्नल असताना त्याने सत्ता बळकावली. आधी कम्युनिस्टांना हाताशी धरलं, मार्च 1970 मध्ये आबा बेटावर अन्सारांना (महदीच्या अनुयायांच्या धार्मिक पंथाला) चिरडलं. जुलै 1971 मध्ये डाव्या अधिकाऱ्यांनी त्यालाच कैद केलं. तीन दिवसांत तो सुटला आणि कम्युनिस्ट नेते अब्देल खालिक महजूब फासावर गेले. आता राजधानी खार्टुममध्ये भरवशाचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्याने सरकारशी लढत असलेल्या दक्षिणेकडे हात पुढे केला, असं माझं मत.

फेब्रुवारी 1972 चा अदिस अबाबा करार मात्र बारकाईने वाच. दक्षिणेला जुबा शहरात स्वतःची विधानसभा. दक्षिणेतल्या सैन्यात 12 हजार माणसं, त्यातली 6 हजार तिथलीच. जोसेफ लागूंचे अन्यान्या बंडखोर त्यातच सामावून घ्यायचे. करारात बदल करायचा तर राष्ट्रीय विधानसभेत तीन-चतुर्थांश मतं हवीत, शिवाय दक्षिणेच्या सार्वमतात दोन-तृतीयांश. कुलूप भक्कम होतं, पण किल्ली निमेरीच्याच खिशात राहिली. तो करार पाळायला लावील अशी दुसरी ताकद देशात नव्हती.

1978 मध्ये शेवरॉन या अमेरिकी तेल कंपनीला दक्षिणेत बेंटिऊजवळ तेल लागलं आणि सगळं बिनसलं. खार्टुमने रिफायनरी उत्तरेत कोस्तीला न्यायचं ठरवलं, दक्षिणेची सीमा सरकवायचा घाट घातला. 1983 मध्ये दक्षिणेतल्या बोरच्या 105 व्या बटालियनला उत्तरेत जायचा हुकूम सुटला. त्यात जुने अन्यान्या सैनिक होते. पगाराची तक्रार धुमसत होतीच, वर उत्तरेत नेऊन आपली शस्त्रं काढून घेतील ही धास्ती. ते हटले नाहीत. 16 मे रोजी सरकारी फौज चालून गेली. या बंडखोर सैनिकांना समजावायला म्हणून गेलेले कर्नल जॉन गारांग त्यांनाच मिळाले आणि पुढे एसपीएलए या दक्षिणेच्या बंडखोर सेनेचे म्होरके झाले. जूनमध्ये निमेरीने नुसत्या फर्मानाने दक्षिणेचे तीन तुकडे केले. सार्वमत वगैरे काही नाही. सप्टेंबरमध्ये शरियत कायदे लागू केले. पेटलेलं युद्ध 2005 पर्यंत विझलं नाही.

पण त्याला खाली खेचलं ते खार्टुमने. जानेवारी 1985 मध्ये त्याने वृद्ध विचारवंत महमूद मोहम्मद ताहा यांना फाशी दिलं. पाठोपाठ पाव महागला, डॉक्टर-वकील संपावर गेले आणि हे महाशय अमेरिकेत! 6 एप्रिलला त्याच्याच संरक्षणमंत्र्याने, स्वार अल-दहब यांनी, सत्ता घेतली. निमेरीची पुढची चौदा वर्षं इजिप्तमध्ये गेली. परतल्यावर 2000 ची अध्यक्षीय निवडणूक लढवली, पण दहा टक्केही मतं पडली नाहीत. 2009 मध्ये वारला.

गारांगबद्दल सवडीने लिहीन. तोवर नकाशात बोर आणि बेंटिऊ शोधून ठेव.

तुझा,
अविनाश