डोक्याला लागलं तर त्या दिवशी खेळ बंद (अंडर १४ बॅच)

पालक मंडळी, रविवारी सकाळी ७ वाजता नेरुळच्या आपल्या ग्राउंडवर प्रॅक्टिसच्या आधी अर्धा तास मीटिंग आहे, घरातून निदान एकाने तरी या. (पाऊस असला तरी, पोरं येतातच ना.)

विषय कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचा. एकदा डोक्याला मार लागला आणि मेंदू सावरायच्या आत पुन्हा लागला तर दुसरा धक्का हलका असला तरी मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं, असं क्वचितच होतं पण होतं ते जास्त करून लहान वयातच. आणि बेशुद्ध पडलं तरच कन्कशन हा गैरसमज आहे.

- डोकं दुखणं, चक्कर, धूसर दिसणं, तोच प्रश्न परत परत विचारणं, यातलं काहीही दिसलं तर पोरगं लगेच बाहेर, त्या दिवशी परत आत नाही.
- उलट्या, फिट, झोपेतून उठेना तर थेट हॉस्पिटल.
- डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय मॅच नाही. ब्रिटनच्या २०२३ च्या नियमावलीत तर किमान २१ दिवस मॅच बंद आहे.

आधी कधी लागलं असेल तर लपवू नका प्लीज, कोचला पर्सनल मेसेज करा. "फायनल आहे हो, दहा मिनिटं खेळू द्या" चालणार नाही.